केबलची नोंद ‘रिमार्क’च्या रकान्यात नको

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की रस्तेखोदाईच्या परवानग्या सुरू होतात. पाठोपाठ जेसीबीने केबल तोडल्याच्या आणि अख्ख्या परिसराचे इंटरनेट बंद पडल्याच्या बातम्याही येतात. चर्चा मग ठेकेदाराच्या निष्काळजीपणावर थांबते. केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले. अशा खोदाईमुळे देशाचे वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे त्या वेळी सरकारनेच सांगितले होते. खोदण्यापूर्वी सूचना देणे २०२२ च्या भारतीय तार (पायाभूत सुविधा सुरक्षा) नियमांनी बंधनकारक केले आहे. हे सगळे योग्यच झाले. पण हे अ‍ॅप खोदणाऱ्याचा प्रश्न केबलच्या मालकापर्यंत पोहोचवते; उत्तर मालकाच्या नोंदवहीतूनच यावे लागते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून हे पत्र त्या आडाविषयी, म्हणजे केबलचे भौतिक गुणधर्म संगणकात कोणत्या रूपात ठेवले जातात याविषयी आहे.

सर्रास दिसणाऱ्या नोंदीचा हा नमुना पाहा: ‘ओएफसी २४एफ आर्म्ड, लांबी १.८, लॉस ०.२२, डेप्थ १.६५, कोर २/७ बिझी, रिमार्क – चौकाजवळ जॉइंट.’ (ओएफसी म्हणजे काचतंतूंची केबल, २४एफ म्हणजे तिच्यातले २४ तंतू, कोर म्हणजे एकेक तंतू.) ज्याने ती लिहिली त्याला ती पूर्ण समजते. तो बदलून गेला, कंत्राट संपले, की तीच ओळ कोडे होऊन बसते. संगणकाच्या लेखी तर ती पहिल्या दिवसापासून नुसती अक्षरे असतात. ‘१.८’ ही लांबी आणि ‘०.२२’ ही क्षीणता, म्हणजे वाटेत होणारी प्रकाशाची घट, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. त्यामुळे दोन्हींची बेरीज करायला सांगितली तर तो मुकाट्याने करून देतो.

यावर सॉफ्टवेअरच्या जगात जुना आणि पक्का उपाय आहे: प्रत्येक गुणधर्माला स्वतःचा टाइप द्यायचा. टाइप ही त्या रकान्याला लावलेली अट असते. इथे फक्त लांबीच येईल, तीही मीटरमध्ये, शून्याहून जास्त, आणि कोणती लांबी व कशी मोजली हे सोबत असल्याशिवाय येणार नाही. केबल ही नकाशावरची नुसती रेघ राहत नाही. अशा गुणधर्मांनी बनलेला, स्वतःची ओळख असलेला रिसोर्स, म्हणजे स्वतंत्र नोंद असलेली वस्तू, होते. ऐकायला हे रुक्ष वाटेल, पण वरची ओळ एकेक शब्द घेऊन तपासली की यात किती पैसा आणि किती तास अडकलेले आहेत ते दिसते.

सुरुवात लांबीपासून, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. जमिनीतल्या एकाच केबलला निदान तीन लांब्या असतात. पहिली चराची. महापालिका रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च रनिंग मीटरवर लावते, तो या लांबीवर. दुसरी आवरणाची, म्हणजे शीथची. केबलच्या काळ्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन टोकांच्या आकड्यांतली वजाबाकी म्हणजे ही लांबी. प्रत्येक हँडहोलमध्ये (वाटेतल्या छोट्या चेंबरमध्ये) दहा-पंधरा मीटरचे लूप गुंडाळून ठेवतात, केबल चेंबरमध्ये खाली-वर जाते, म्हणून ती चरापेक्षा जास्त भरते. तिसरी काचेच्या तंतूची. तंतू ट्यूबमध्ये थोडे सैल असतात आणि ट्यूब मधल्या दांड्याभोवती पिळलेल्या असतात, त्यामुळे तंतू आवरणापेक्षाही एक-दोन टक्के लांब असतो. तंतूत प्रकाश सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून अंतर काढणारे ओटीडीआर हे यंत्र ही तिसरी लांबी मोजते. खोदणाऱ्याला मात्र हवी असते पहिली.

आकडे घालून पाहू. समजा ओटीडीआरने तंतू ६,४३० मीटरवर तुटल्याचे दाखवले. केबलच्या डेटाशीटप्रमाणे तंतू आवरणापेक्षा १.५ टक्के जास्त असेल, तर आवरणावरचे अंतर ६,३३५ मीटर. वाटेत सहा हँडहोल, प्रत्येकी १५ मीटरचे लूप, म्हणजे ९० मीटर वजा. एक्स्चेंजच्या इमारतीत रॅकपासून रस्त्यावरच्या पहिल्या चेंबरपर्यंत ३५ मीटर वजा. उरले ६,२१० मीटर. यंत्राचा आकडा आणि रस्त्यावरची जागा यांत २२० मीटरचा फरक पडला. शहरात २२० मीटर म्हणजे पुढचा चौक. हा हिशेब येत नाही असा फायबर अभियंता सापडायचा नाही. अडचण अशी की हिशेबाला लागणारे तीन आकडे (पिळाचे प्रमाण, लुपांची लांबी, इमारतीतली लांबी) नोंदीत नसतात. ‘लांबी १.८’ एवढेच असते आणि ती कोणती लांबी हे कुणालाच ठाऊक नसते.

यात आणखी एक बारकावा आहे. ओटीडीआर वेळ मोजतो आणि काचेच्या अपवर्तनांकाने तिचे अंतर करतो. १,५५० नॅनोमीटरला हा अंक साधारण १.४६८ असतो. कुणी यंत्रात १.४६० ठेवला तर वरच्या अंतरावर आणखी ३५ मीटर वाढतात. त्यामुळे अपवर्तनांक हा केबलच्या स्पेसिफिकेशनचा भाग हवा, आणि मोजणीच्या नोंदीत त्या वेळी यंत्रात कोणता अंक होता तोही हवा. दोन्ही जुळत नसतील तर अंतर पुन्हा काढणे हे सॉफ्टवेअरचे काम, रात्री दोन वाजता चरात उभ्या माणसाचे नव्हे.

आवरणावरच्या छापील आकड्यांची नोंद तर सोन्यासारखी जपावी. ड्रमवरची केबल ० पासून सुरू होईलच असे नसते. एक टोक २,०४६ आणि दुसरे ४,०५१ असू शकते, आणि ओढताना ड्रम उलटा लागला तर आकडे उतरत्या क्रमाने जातात. नोंदीत ‘लांबी २,००५’ लिहून टोकांचे आकडे टाकून दिले, की चेंबर उघडल्यावर दिसणारा ३,११२ हा आकडा निरुपयोगी होतो. तेच दोन्ही टोकांचे आकडे दिशेसह ठेवले असतील, तर चेंबरमधल्या माणसाने फोनवर सांगितलेल्या एका आकड्यावरून तो केबलच्या कुठल्या मीटरला उभा आहे ते क्षणात कळते. छपाईतही अर्धा-एक टक्का फरक धरावाच लागतो. म्हणून या आकड्यांचा टाइप ‘खूण’ असा वेगळा ठेवावा. दोन खुणांच्या वजाबाकीतून लांबी मिळेल. दोन खुणांची बेरीज मात्र प्रणालीने करूच देऊ नये.

आता ‘२४एफ’. तंतू २४ हे कळले, पण ते किती ट्यूबमध्ये? बारा-बाराच्या दोन, सहा-सहाच्या चार, की चार-चारच्या सहा? आपल्याकडे सहसा पाळल्या जाणाऱ्या रंगक्रमात निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि अ‍ॅक्वा असे बारा रंग येतात. सातवा तंतू शोधायचा असेल तर बाराच्या रचनेत तो निळ्या ट्यूबमधला लाल. सहाच्या रचनेत नारिंगी ट्यूबमधला निळा. चारच्या रचनेत नारिंगी ट्यूबमधला हिरवा. एकाच ‘७’ या आकड्याला तीन वेगळे तंतू. जॉइंटरने चुकीचा कापला तर चालू लाइन बंद पडते. शिवाय रंगक्रम जगभर एकच नाही. जर्मन मानकात क्रम लाल, हिरवा, निळा, पिवळा असा सुरू होतो. आयात केलेल्या केबलच्या तुकड्याला आपला क्रम लावला तर पहिल्याच तंतूला घोटाळा होतो. तेव्हा ‘रंगक्रम’ हा मोकळा मजकूर नसावा. ठरलेल्या यादीतून निवडलेले मूल्य असावे. तंतूचा क्रमांक, ट्यूब आणि रंग हे तिन्ही हाताने भरू नयेत. ट्यूबची संख्या, दर ट्यूबमधले तंतू आणि रंगक्रम दिला की २४ ही तंतू प्रणालीनेच तयार करावेत, प्रत्येकाला वेगळी ओळख देऊन.

मग ‘कोर २/७ बिझी’. दुसऱ्या ट्यूबमधला सातवा? दोन ते सात? की दोन आणि सात? सहाच्या रचनेत दुसऱ्या ट्यूबला सातवा तंतूच नसतो, आणि टाइप बांधलेली प्रणाली हे तिथल्या तिथे सांगते. एक्सेल सांगत नाही. उलट साध्या रकान्यात २/७ टाइप करून एंटर दाबले की एक्सेल त्याची तारीख करून टाकते, २ जुलै. शंभर ओळींच्या फाइलमध्ये पाच-सहा तंतू असे दिनदर्शिकेत जाऊन बसतात. फाइल दुसऱ्या प्रणालीत नेताना त्या तारखांचे पाच आकडी क्रमांक होतात, आणि मूळ २/७ परत मिळत नाही.

‘बिझी’ हा शब्दही फसवा आहे. तंतू ग्राहकासाठी राखून ठेवला आहे, त्यातून सध्या प्रकाश जातो आहे, की तो तुटला आहे म्हणून कुणी वापरू नये असा त्याचा अर्थ? टीएम फोरम या दूरसंचार उद्योगाच्या संघटनेच्या टीएमएफ ६३९ या रिसोर्स इन्व्हेंटरीच्या (नोंदवहीच्या) मानकात म्हणूनच एका रिसोर्सला चार वेगळ्या अवस्था आहेत: प्रशासकीय, कार्यस्थिती, वापरस्थिती आणि एकूण दर्जा. प्रत्येकीची मूल्ये ठरलेली आहेत. तंतू ठणठणीत पण मोकळा, किंवा राखीव पण नादुरुस्त, असे खरे प्रसंग त्यांतून नोंदवता येतात. एकाच ‘स्टेटस’ रकान्यात हे मावत नाही, म्हणून लोक ‘बिझी?’ असे प्रश्नचिन्हासह लिहितात.

‘लॉस ०.२२’ हा तर सर्वांत धोकादायक आकडा, कारण तो दिसतो बरोबर. जी.६५२.डी या प्रकारच्या तंतूची १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीला दर किलोमीटरची क्षीणता म्हणून ०.२२ डीबी (डेसिबल) अगदी साजेशी आहे. पण हा एका स्प्लाइसचा, म्हणजे दोन तंतूंच्या जोडाचा, लॉस असेल, तर तो ०.१ डीबीच्या नेहमीच्या मर्यादेच्या दुप्पट आहे आणि जॉइंट पुन्हा करायला हवा. पूर्ण १.८ किलोमीटरचा मिळून असेल, तर दर किलोमीटरला ०.१२ येतात, जे या तंतूला शक्यच नाही, म्हणजे मोजणीतच चूक आहे. ‘डीबी’, ‘डीबी प्रति किलोमीटर’ आणि ‘दर जोडाला डीबी’ हे तीन वेगळे टाइप ठेवले, तर यांतला प्रत्येक चुकीचा प्रसंग भरतानाच अडतो.

आणि तरंगलांबीशिवाय क्षीणतेचा कुठलाही आकडा नोंदीत घेऊच नये, असे आमचे ठाम मत आहे. एका तंतूवरून अनेक घरांना इंटरनेट देणाऱ्या जीपॉन जोडणीत ग्राहकाकडून येणारा प्रकाश १,३१० नॅनोमीटरचा असतो. तिथे दर किलोमीटरला साधारण ०.३५ डीबी जातात. १,५५० चा आकडा घेऊन प्रकाशाच्या घटीचे बजेट मांडले तर ते कागदावर बसते आणि जागेवर बसत नाही. बी-प्लस वर्गाच्या उपकरणांना २८ डीबीपर्यंत मुभा असते. प्रकाश ३२ वाटांत विभागणारा १:३२ स्प्लिटर त्यातले सुमारे १७ खातो, १० किलोमीटर तंतू ३.५ खातो, चार कनेक्टर मिळून दीड-दोन. उरलेल्या साडेपाच-सहा डीबीत सगळे स्प्लाइस आणि पुढच्या वीस वर्षांच्या दुरुस्त्या बसवायच्या असतात. दुसरी गोष्ट अशी की केबल कुठे दुमडली गेली असेल, तर तिथला लॉस १,५५० ला जास्त आणि १,३१० ला कमी दिसतो. स्प्लाइसच खराब असेल तर दोन्हीकडे जवळपास सारखा. दोन तरंगलांब्यांच्या मोजण्या वेगळ्या जपल्या असतील, तर चर न खोदता कळते की चेंबरमधले लूप सैल करायचे आहे की जॉइंट उघडायचा आहे.

वरच्या ओळीत तंतूचा प्रकारच नाही. ‘आर्म्ड’ म्हणजे चिलखती, हे आवरणाचे वर्णन झाले. आतली काच कोणती? जी.६५२.डी, वाक सोसणारा जी.६५७, की जुन्या लांब पल्ल्याच्या मार्गांवरचा जी.६५५? जी.६५२ मध्ये १,५५० ला दर किलोमीटरला सुमारे १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर इतके अपस्करण (प्रकाशाच्या स्पंदाचे पसरणे) होते, जी.६५५ मध्ये त्याच्या चौथाईच्या आसपास. लांब पल्ल्याचे उपकरण निवडताना हा फरक निर्णायक ठरतो. वेगवेगळ्या काचा जोडल्या तर त्यांच्या प्रकाशक्षेत्राचा व्यास जुळत नाही. मग ओटीडीआरवर एका बाजूने जोडात चक्क प्रकाश वाढल्यासारखा दिसतो आणि दुसऱ्या बाजूने लॉस अवास्तव मोठा. खरा लॉस दोन्ही बाजूंच्या मोजण्यांच्या सरासरीत असतो. म्हणून स्प्लाइसच्या टाइपमध्ये दोन दिशांचे दोन आकडे हवेत, आणि एकच भरला असेल तर नोंद ‘अपूर्ण’ दिसायला हवी.

खोलीबद्दल नागरिकांनीही आग्रह धरायला हवा. सरकारी कामांत साध्या जमिनीत चराची खोली १.६५ मीटर धरतात. हा झाला आराखड्याचा आकडा. मोरीवर, खडकात, दुसऱ्या वाहिन्यांच्या गर्दीत केबल वर येते. तिथे लोखंडी पाइप किंवा काँक्रीट घालून ती झाकतात. नोंदीत मात्र पूर्ण केबलला मिळून ‘१.६५’ असा एकच आकडा. खोली हा केबलचा गुणधर्म नाहीच, मार्गावरच्या प्रत्येक बिंदूचा आहे. ती चराच्या तळापर्यंत की डक्टच्या, म्हणजे केबल ज्या नळीतून जाते तिच्या, माथ्यापर्यंत, हेही सांगावे लागते. ४० मिलिमीटर डक्ट असेल तर तेवढा फरक तिथेच पडतो. त्याहून मोठा प्रश्न असा की ही खोली कुठल्या पृष्ठभागापासून मोजली? डांबराचा नवा थर चढला की तीच केबल कागदाविना खोल जाते, जुना थर खरवडला की वर येते. त्यामुळे ‘आराखड्यातील खोली’ आणि ‘मोजलेली खोली’ हे दोन टाइप वेगळे हवेत, आणि दुसऱ्याला मोजल्याची तारीख, पद्धत आणि संदर्भ-पातळी सक्तीची हवी. जेसीबीवाल्याला पहिला आकडा दाखवून दुसऱ्याचा भरवसा देणे ही फसवणूक आहे.

‘चौकाजवळ’ या शब्दाच्या जागी अक्षांश-रेखांश हवेत, हे आता सगळे मान्य करतात. पण तेही टाइप म्हणूनच. दशांशानंतर पाच अंक म्हणजे साधारण एक मीटरचा नेमकेपणा, तीन अंक म्हणजे शंभर मीटरहून जास्त. एक्सेलने रकाना अरुंद म्हणून १८.५२ एवढेच दाखवले आणि कुणी तेच उतरवून घेतले, तर जॉइंट एका किलोमीटरच्या घेऱ्यात कुठेही असू शकतो. पुण्याचे रेखांश ७३.८६ अक्षांशाच्या रकान्यात गेले तर तो बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो. महाराष्ट्राबाहेरचा बिंदू नाकारणारी साधी अट ही चूक जागीच पकडते.

तांब्याच्या केबलविषयी थोडक्यात, कारण त्या कमी होत चालल्या आहेत. जेली भरलेल्या केबलमधल्या तारेचा व्यास ०.४ की ०.५ मिलिमीटर हे नोंदलेले नसेल, तर प्रतिरोधावरून फॉल्टचे अंतर काढता येत नाही. ०.५ च्या जोडीचा प्रतिरोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरला १७६ ओहमच्या आसपास, ०.४ चा त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त. तांबे तापले की प्रतिरोध अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. जमीन ३० अंशांवर असेल आणि तापमान नोंदलेच नसेल, तर ३ किलोमीटरवर जवळपास १२० मीटरची चूक होते. प्रतिरोधाच्या टाइपला तापमान जोडलेले हवे, ते यासाठी.

आता या सगळ्याची मांडणी कशी करावी. पहिला नियम: जे कारखान्यात ठरते ते स्पेसिफिकेशनमध्ये, जे जागेवर ठरते ते प्रत्यक्ष केबलच्या नोंदीत. बाह्यव्यास, ट्यूबची रचना, रंगक्रम, तंतूचा प्रकार, ओढण्याचा कमाल ताण, वाकवण्याची किमान त्रिज्या (ताणाखाली व्यासाच्या वीसपट आणि विसावलेली असताना दहापट धरण्याची पद्धत आहे) हे एकदाच, डेटाशीटवरून. ड्रम क्रमांक, टोकांच्या खुणा, टाकल्याची तारीख, मार्ग आणि मोजण्या हे दर केबलला. टीएमएफ ६३४ चा कॅटलॉग आणि ६३९ ची इन्व्हेंटरी यांची विभागणी नेमकी अशीच आहे. एका शहरातल्या मालकाला दोन-तीन डझन स्पेसिफिकेशन पुरतात. ती नीट बसवली की पुढच्या हजारो नोंदींचे निम्मे रकाने आपोआप भरतात. बाह्यव्यास आकड्यात असला की डक्टमध्ये जागा किती उरली तेही प्रणाली सांगते: ३३ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या डक्टमध्ये १२.५ मिलिमीटरची एक केबल सुमारे १४ टक्के क्षेत्र व्यापते, दोन २९ टक्के. हा हिशेब हाती असेल तर नवी केबल आहे त्या डक्टमधून जाईल आणि रस्ता पुन्हा फोडावा लागणार नाही.

दुसरा नियम: चर, डक्ट, केबल, ट्यूब, तंतू, जॉइंट हे सगळे वेगळे रिसोर्स, आणि त्यांच्यातली नातीही टाइपची. तंतूचे एक टोक एकाच जागी स्प्लाइस होऊ शकते. दुसरीकडे जोडायला गेले तर प्रणालीने नकार द्यावा. याची खरी कसोटी केबल तुटल्यावर लागते. २४ तंतूंची केबल तुटली की बहुतेक वेळा मध्ये ४०-५० मीटरचा तुकडा घालून दोन जॉइंट करतात. त्या क्षणी एका केबलचे तीन खंड झाले, ४८ नवे स्प्लाइस आले, मधल्या तुकड्यावरच्या खुणा वेगळ्या, कदाचित रंगक्रम आणि काचही वेगळी. प्रत्येक तंतूवर ०.१ ते ०.२ डीबी कायमची वाढली. ज्या प्रणालीत केबल म्हणजे एक रेघ आणि एक ‘लांबी’, तिथे हे लिहायला जागाच नसते; मग ‘रिमार्क – कट रिपेअर्ड’ येते आणि पुढच्या फॉल्टचे अंतर चुकते. सहा-सात कट झालेल्या मार्गावर वरच्या बजेटमधला एखादा डीबी असाच गेलेला असतो आणि गेला कुठे ते कुणालाच सांगता येत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. मानकाचे नाव घेतले म्हणजे टाइप आले असे नाही. टीएमएफच्या नमुन्यात गुणधर्म ‘नाव–मूल्य–मूल्याचा प्रकार’ अशा तिकडीतही ठेवता येतात. पुरवठादार पुष्कळदा सगळ्या मूल्यांचा प्रकार ‘मजकूर’ ठेवून मोकळा होतो आणि प्रणाली मानकानुसार असल्याचे प्रमाणपत्र लावतो. तो जुना रिमार्कचाच रकाना, नव्या कपड्यांत. उलट टोकही वाईट. दोनशे रकाने सक्तीचे केले की जागेवरचा माणूस ० किंवा ९९९ भरून पुढे जातो, आणि ही खोटी माहिती रिकाम्या रकान्यापेक्षा घातक असते. म्हणून ‘माहीत नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘शून्य’ ही तीन वेगळी मूल्ये हवीत. सक्तीचे फक्त पाच-सहाच: स्पेसिफिकेशन, मालक, दोन टोके, टोकांच्या खुणा, मार्ग आणि माहितीचे मूळ.

जुनी माहिती आणताना मूळ ओळ जशीच्या तशी एका वेगळ्या रकान्यात जपावी, ती पुसू नये. तिच्यातून निघालेल्या प्रत्येक मूल्यावर ‘अंदाज’ असा शिक्का असावा. मग वेगळी मोहीम काढायची गरज नाही. कुठल्याही कारणाने चेंबर उघडले की आवरणावरच्या खुणा वाचून त्यांचा फोटो घ्यायचा, कुठल्याही कारणाने ओटीडीआर लावला की दोन तरंगलांब्यांची मूळ फाइल जोडायची, आणि तेवढ्या मूल्यांवरचा शिक्का ‘मोजलेले’ करायचा. नेदरलँडमध्ये खोदणाऱ्याची विचारणा काडास्टर या भूनोंदणी संस्थेमार्फत जाते आणि वाहिन्यांच्या मालकांना उत्तर आयएमकेएल या ठरलेल्या माहिती-नमुन्यात द्यावे लागते. युरोपीय संघाच्या इन्स्पायर नमुन्यातही दूरसंचार केबल हा स्वतंत्र प्रकार आहे आणि ती तांब्याच्या पिळलेल्या जोडीची, समाक्ष (कोअ‍ॅक्सियल) की काचतंतूची, हे ठरलेल्या यादीतून निवडावे लागते. आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून मार्गहक्काचे नवे नियम लागू झाले आहेत आणि परवानग्या ऑनलाइन दिल्या जातात. खोदाई संपल्यावर अ‍ॅज-बिल्ट (प्रत्यक्ष झालेल्या कामाची) माहिती पीडीएफमध्ये न घेता टाइप असलेल्या नमुन्यातच घ्यावी आणि ती तपासणीत उतरेपर्यंत अनामत रक्कम सोडू नये, ही अट महापालिकांना घालता येण्यासारखी आहे.

आणि महापालिका असो, महानेटसारखा सरकारी प्रकल्प असो की खासगी कंपनी, केबल-नोंदणीचे सॉफ्टवेअर विकत घेताना निविदेत स्वीकृती चाचणी म्हणून पुढच्या नोंदी मुद्दाम भरून पाहाव्यात. लांबी ‘साधारण दोन’. क्षीणता ०.२२, तरंगलांबी रिकामी. सहा तंतूंच्या ट्यूबमध्ये सातवा तंतू. एकाच तंतूचे एक टोक दोन जॉइंटमध्ये. अक्षांश ७३.८६. मोजलेली खोली १.६५, पण मोजल्याची तारीख नाही. दोन्ही टोकांना एकच खूण. जी.६५२ आणि जी.६५५ चा जोड, मोजणी एकाच दिशेची. डक्ट ३३ मिलिमीटरचे आणि केबल ३५ ची. यांतल्या आठ नोंदी प्रणालीने कारणासह नाकारायला हव्यात. दोन काचांच्या जोडाची नोंद तिने स्वीकारावी, पण तिच्यावर ‘अपूर्ण’ अशी खूण दिसायला हवी. ही चाचणी घ्यायला एक दुपार पुरते, आणि ती देयक मंजूर होण्याआधी घ्यावी.

आपले,
भूमिगत केबलच्या नोंदणीचे काम करणारे दोन अभियंते, पुणे